मोटारीतील ध्वनियंत्रणा

मोटारीतील ध्वनियंत्रणा म्हणजे वाहनात बसल्या जागी आकाशवाणीचे कार्यक्रम, ध्वनिमुद्रित संगीत, नकाशाच्या सूचना किंवा दूरध्वनीवरील संभाषण ऐकता यावे यासाठी केलेली विद्युत उपकरणांची मांडणी होय. बोलीत तिला ‘कार स्टिरिओ’, ‘म्युझिक सिस्टिम’, ‘डेक’ किंवा जुन्या सवयीने नुसते ‘टेप’ असेही म्हणतात. मुख्य संच, स्पीकर, अँप्लिफायर, सबवूफर आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा हे तिचे प्रमुख घटक आहेत.

घरातील ध्वनियंत्रणेहून ही यंत्रणा दोन बाबतींत मुळातच भिन्न आहे. पहिली बाब विजेची. घरातील २३० व्होल्टऐवजी येथे केवळ १२ व्होल्टचा पुरवठा असतो, त्यामुळे तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी तारांतून सुमारे वीसपट प्रवाह न्यावा लागतो. दुसरी बाब जागेची. मोटारीचा प्रवासीकक्ष हा लहान, काचांनी वेढलेला आणि सतत गोंगाट असलेला असतो व त्यात ऐकणारा कधीही मध्यभागी बसत नाही. यंत्रणा निवडताना आणि बसवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या दोहोंपैकी एका गोष्टीच्या विस्मरणात असते. जागेविषयीची चूक फार तर बेसूर ऐकवते. विजेविषयीची चूक गाडीला आग लावू शकते.

संज्ञा

मराठीत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द वक्त्याच्या तोंडापुढील मायक्रोफोन आणि आवाज बाहेर टाकणारा कर्णा अशा दोन परस्परविरुद्ध वस्तूंसाठी वापरला जातो. अँप्लिफायरसाठी ‘विवर्धक’ आणि फ्यूजसाठी ‘वितळतार’ हे निर्दोष शब्द उपलब्ध आहेत. तथापि दुकानात किंवा गॅरेजमध्ये ते उच्चारले जात नाहीत. म्हणून या लेखात रुळलेले शब्दच योजले आहेत. कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. तिचे एकक हर्ट्झ. खर्जाचे स्वर कमी कंप्रतेचे, तर तार स्वर अधिक कंप्रतेचे असतात.

इतिहास

१९३० साली अमेरिकेतील शिकागो येथील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. हे नाव इतके रूढ झाले, की पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते धारण केले. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये आपला पहिला मोटार रेडिओ सादर केला. या काळातील रेडिओ निर्वात नलिकांवर चालत. नलिकांना लागणारा मोठा विद्युतदाब मोटारीच्या ६ व्होल्टच्या बॅटरीतून मिळवण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाची सतत थरथरणारी कळ वापरावी लागे आणि तिचा गुंजारव संगीतात मिसळे. १९५५ मध्ये क्रायस्लर व फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आणला आणि ही अडचण संपली. १९५६ च्या क्रायस्लर गाड्यांत चक्क तबकडी वाजवणारे यंत्रही मिळत असे; परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावर तबकडीवरील सुई टिकणे कठीण, त्यामुळे तो प्रयोग अल्पजीवी ठरला. १९६५ मध्ये फोर्डने आठ मार्गिकांची टेप गाडीत दिली. फिलिप्सच्या १९६३ च्या लहान कॅसेटने नंतर तिची जागा घेतली. १९८४ मध्ये पायोनियर आणि सोनी यांनी मोटारीतील सीडी प्लेअर विक्रीस आणले. २०१४-१५ पासून अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांच्यामुळे भ्रमणध्वनी हाच संगीताचा मुख्य स्रोत बनला.

भारतात अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ पासून मारुती ८०० या गाड्या दीर्घकाळ ध्वनियंत्रणेविनाच विकल्या जात. गाडी घरी आली, की सीट कव्हर आणि टेप बाहेरून बसवून घेणे हा जणू खरेदीचाच उत्तरार्ध असे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील नाना पेठ अशा बाजारपेठांभोवती या कामाचे जाणकार कारागीर तयार झाले. त्यांच्यापैकी अनेकांचे ज्ञान अनुभवसिद्ध आणि भक्कम होते. मात्र ‘लाल तार इथे, काळी तिथे’ एवढ्यावर भागवण्याची सवयही याच काळात रुजली. एफएम प्रसारण भारतात १९७७ मध्ये मद्रास येथे सुरू झाले. २००१ मध्ये बंगळूर येथून खासगी एफएम वाहिनी सुरू झाल्यावर मोटारीतील रेडिओला नवे आयुष्य लाभले.

प्रवासीकक्षातील ध्वनी

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर अंतर कापतो. म्हणजे ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास ७ मीटर भरते. ती बहुतेक मोटारींच्या लांबीहूनही अधिक आहे. अशा स्वरासाठी प्रवासीकक्ष ही खोली उरत नाही, तर हवेची एक बंद पेटी बनते आणि स्पीकर तिच्यातील दाब कमी-अधिक करू लागतो. परिणामी खोल खर्ज घरापेक्षा मोटारीत सहज मिळतो. दिवाणखान्यात दुबळा भासणारा लहान सबवूफर गाडीत भरदार वाजतो, तो यामुळेच.

मध्य व तार स्वरांची स्थिती याच्या उलट आहे. काचांवरून ते परावर्तित होतात, आसनांच्या गादीत शोषले जातात आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वेळी कानावर येतात. भारतीय मोटारीत चालक उजवीकडे बसतो. त्याच्या कानापासून उजव्या दारातील स्पीकर ९० सेंटिमीटरवर आणि डाव्या दारातील १४० सेंटिमीटरवर आहे असे मानल्यास डावीकडील ध्वनी सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हा काळ नगण्य वाटला, तरी मेंदू तेवढ्यावरूनच दिशा ठरवतो. म्हणून गायकाचा आवाज समोरून न येता उजव्या दारातून, गुडघ्याजवळून आल्यासारखा भासतो. आधुनिक संचांतील ‘टाइम अलाइनमेंट’ ही सोय जवळच्या स्पीकरचा ध्वनी तेवढाच विलंबाने सोडते. ही सोय असलेला मध्यम किमतीचा संच पुष्कळदा ती नसलेल्या महागड्या संचापेक्षा समाधान देतो.

तिसरी अडचण गोंगाटाची. महामार्गावरील वेगात टायर, वारा आणि इंजिन यांचा मिळून साधारण गाडीत ६५ ते ७० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. हा गोंगाट मुख्यतः खर्जाकडचा असल्याने उभ्या गाडीत समतोल वाटणारे संगीत धावत्या गाडीत पातळ होते. दुकानासमोर इंजिन बंद करून घेतलेली चाचणी त्यामुळे अर्धवटच ठरते.

‘वॅट’ या आकड्याचा अर्थ

खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा हा या बाजारातील सर्वांत फसवा आकडा आहे. ‘५० वॅट × ४’ असे मुख्य संचावर लिहिलेले असते. त्याची तपासणी शालेय भौतिकशास्त्राने करता येते. इंजिन चालू असताना मोटारीतील विद्युतदाब जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट धरला आणि स्पीकरचा संरोध ४ ओहम मानला, तर विकृती नसलेल्या शुद्ध स्वराची कमाल शक्ती १४.४ च्या वर्गाला ८ ने भागून मिळते. ती येते सुमारे २६ वॅट. अँप्लिफायरच्या चकतीतील अंतर्गत घट वजा जाता प्रत्यक्षात १८ ते २० वॅट हाती लागतात. वर्गाला ८ ऐवजी ४ ने भागल्यास मात्र ५१.८ वॅट येतात. ही शक्ती स्वराची लाट वर-खाली पूर्णपणे छाटली गेल्यावरची, म्हणजे संगीत ऐकण्याजोगे न राहिल्यावरची असते. खोक्यावरील ५० चा उगम येथे आहे.

म्हणून तुलना करताना ‘आरएमएस’ या अक्षरांपुढे दिलेला, म्हणजे सातत्याने देता येणाऱ्या शक्तीचा आकडाच ग्राह्य धरावा लागतो. ‘पीक’, ‘मॅक्स’ किंवा ‘पीएमपीओ’ यांपुढील आकड्यांना सर्वमान्य व्याख्या नाही.

शक्तीपेक्षाही दुर्लक्षित राहणारा गुण म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, ते ती सांगते. शक्ती दुप्पट केल्यास आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट भासण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दसपट शक्ती लागते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढेच वाजण्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट द्यावे लागतील. बाह्य अँप्लिफायर बसवायचा नसेल, तर अधिक संवेदनशील स्पीकर निवडणे हाच सर्वांत स्वस्त ‘वाढीव वॅट’ होय.

घटकांची निवड

जुन्या गाड्यांत मुख्य संचासाठी १८० × ५० मिलिमीटरचा ‘सिंगल डिन’ किंवा त्याच्या दुप्पट उंचीचा ‘डबल डिन’ हा प्रमाणित गाळा असे आणि संच बदलणे सोपे होते. अलीकडच्या गाड्यांत पडद्यालाच वातानुकूलन, मागचा कॅमेरा व वाहनाच्या इतर सूचना जोडलेल्या असतात. अशा वेळी मूळ संच काढण्याच्या फंदात न पडता त्याच्या स्पीकरच्या तारांतूनच संकेत घेणारा अँप्लिफायर जोडणे श्रेयस्कर. मात्र कारखान्यातील कित्येक संच आवाज वाढवताच लहान स्पीकरच्या रक्षणासाठी खर्ज आपोआप कमी करतात. तो भरून काढण्यासाठी अंकीय संस्करण करणारे वेगळे उपकरण लागते.

स्पीकर दोन प्रकारचे असतात. ‘कोअ‍ॅक्सियल’ स्पीकरमध्ये तार स्वरांचा छोटा ट्विटर मोठ्या शंकूच्या मधोमध बसवलेला असतो. बसवणे सोपे, किंमत कमी. ‘कंपोनंट’ प्रकारात ट्विटर वेगळा असून तो आरशाजवळ किंवा खांबावर कानाच्या उंचीला लावता येतो. त्यामुळे आवाज पायाजवळून न येता समोरून येतो. दारासाठी साडेसहा इंची आणि मागील फळीसाठी ६ × ९ इंची लंबगोल हे आकार प्रचलित आहेत. व्यासाइतकेच खोलीकडेही लक्ष द्यावे लागते. स्पीकरचे चुंबक जाड निघाले, तर खाली उतरणारी काच त्यावर आदळते.

मागच्या स्पीकरवर पुढच्या स्पीकरइतकाच खर्च करण्याची पद्धत आहे. तिला आधार नाही. संगीत श्रोत्याच्या समोर असते, पाठीमागे नव्हे. मर्यादित रकमेत पुढच्या दारांचे चांगले स्पीकर, त्यांची नीट बंदिस्ती आणि एक लहान सबवूफर हा क्रम सर्वाधिक फळ देतो. गाडीत एकटादुकटा प्रवास करणाऱ्याने मागे मूळ स्पीकर तसेच ठेवले तरी काही बिघडत नाही.

सबवूफर बंद पेटीतील, छिद्र असलेल्या पेटीतील किंवा आसनाखाली मावणारे चपटे असे मिळतात. छिद्राची पेटी त्याच शक्तीत मोठा आवाज देते, परंतु ती आकाराने मोठी असते व पेटीच्या स्वरमेळाखालच्या कंप्रतेवर शंकूचा तोल सुटतो. शास्त्रीय संगीत, भावगीत किंवा तालवाद्यांचा स्पष्ट आघात ऐकणाऱ्यास बंद पेटी अधिक मानवते. डग्ग्याचा घुमारा आणि ढोलकीची थाप यांतील फरक तिच्यात पुसला जात नाही. आसनाखालचा प्रकार सामानाची जागा अडवत नाही. पण पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या वस्तीत वावरणाऱ्या गाडीत तळाशी विद्युत उपकरण ठेवण्यापूर्वी विचार करावा लागतो.

वीजपुरवठा, तारा आणि फ्यूज

सरासरी २०० वॅट आरएमएसचा चार वाहिन्यांचा अँप्लिफायर पूर्ण क्षमतेने चालवल्यास ‘क्लास एबी’ रचनेत सुमारे २४ अँपिअर, तर अधिक कार्यक्षम अशा ‘क्लास डी’ रचनेत सुमारे १८ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला सबवूफरसाठी ५०० वॅटचा क्लास डी अँप्लिफायर जोडला, की आणखी ४५ अँपिअरची भर पडते. लहान मोटारींचा अल्टरनेटर साधारणतः ६० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यावर दिवे, पंखे, इंधनपंप, वातानुकूलन यांचाही भार असतो. संगीत सतत उच्चतम पातळीवर नसते, त्यामुळे सरासरी मागणी यापेक्षा पुष्कळ कमी राहते, हे खरे. तथापि खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला दिवे मंदावत असतील, तर यंत्रणा गाडीच्या ऐपतीबाहेरची आहे असे समजावे. इंजिन बंद ठेवून संगीत ऐकण्याची हौस ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला लवकर थकवते व सहलीच्या ठिकाणी गाडीला धक्का मारण्याची वेळ येते.

तारेची जाडी ही सौंदर्याची नव्हे, उष्णतेची बाब आहे. बॅटरी बॉनेटखाली आणि अँप्लिफायर डिकीत असेल, तर सुमारे ५ मीटर तार लागते. घरगुती वायरिंगमध्ये वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार येथे वापरली आणि तिच्यातून ४० अँपिअर गेले, तर १२ व्होल्टपैकी जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि तारेत ५५ वॅट उष्णता निर्माण होते. ८ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.४३ व्होल्टवर येते. बाजारात स्वस्त मिळणारी अनेक जाडजूड ‘किट’ तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असतात. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, शिवाय जाड आवरणामुळे आतला धातू किती, हे डोळ्यांना कळत नाही. टोक खरवडून आत पांढरा धातू दिसतो का, एवढी परीक्षा दुकानातच करता येते. कथिलाचा मुलामा दिलेली अस्सल तांब्याची तारही पांढरी दिसते, म्हणून मुलाम्याखालपर्यंत खरवडणे आवश्यक.

तारेहून धोकादायक असतो तो सैल सांधा. तारेतील उष्णता पाच मीटरवर पसरते. सांध्यातील उष्णता एका बिंदूवर साचते. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम असला, तरी ४० अँपिअरला तेथे ३२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील कथिल वितळवणारी डाखणी बहुधा २५ वॅटची असते! अशी डाखणी गालिच्याखाली, आसनाच्या फोमला टेकून चालू राहावी, तसाच हा प्रकार. म्हणून योग्य मापाचे लग यंत्राने दाबून बसवणे आणि त्यावर आकसणारी नळी चढवणे हीच पद्धत मान्य आहे.

फ्यूजविषयीचा गैरसमज सर्वाधिक घातक ठरतो. अँप्लिफायरवर फ्यूज असतोच, मग बॅटरीजवळ वेगळा कशाला, असा प्रश्न ग्राहक आणि काही वेळा कारागीरही विचारतात. अँप्लिफायरवरचा फ्यूज अँप्लिफायरसाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज त्या दोघांमधल्या तारेसाठी असतो. ही तार इंजिनाच्या कक्षातून, पत्र्याच्या भिंतीतील छिद्रातून आणि दाराच्या उंबऱ्याजवळून जाते. कंपनांनी पत्र्याची धार आवरणात रुतली, उंदराने ते कुरतडले किंवा अपघातात तार चेपली, तर धन टोक थेट गाडीच्या सांगाड्याला लागते. बॅटरी त्या क्षणी कित्येकशे अँपिअर प्रवाह सोडते. तार लाल होते, आवरण पेटते आणि अँप्लिफायरवरचा फ्यूज शाबूत राहतो, कारण हा प्रवाह त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. यास्तव मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, असा दंडक आहे. त्याचे मूल्य तारेच्या क्षमतेवरून ठरते. ८ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेसाठी ५० अँपिअर हे सुरक्षित मूल्य मानतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याहून मोठा घालणे म्हणजे ताप दाखवणारा तापमापक फोडून टाकण्यासारखे आहे. तार जेथून पत्रा ओलांडते, तेथे रबराचा ग्रोमेट नसेल, तर बाकी सर्व काम उत्तम असूनही ते अपुरे समजावे.

ऋण बाजूसाठी गाडीचा सांगाडा वापरला जातो. ही तार अर्ध्या मीटरहून लांब नसावी, धन तारेइतकीच जाड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली असावी. सीट बेल्टच्या बोल्टला ती जोडणे वर्ज्य आहे. अर्थिंग खराब असले, की इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. संकेताच्या तारा आणि विजेची तार गाडीच्या दोन भिन्न बाजूंनी नेल्यास हा उपद्रव टळतो.

बसवण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवतात आणि शेवटी जोडतात. धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणगी पडते. काही गाड्यांत बॅटरी सुटल्यावर मूळ संच सांकेतिक क्रमांक मागतो. तो आधीच शोधून ठेवावा लागतो. टोक सोडवल्यावर काही मिनिटे थांबणे इष्ट, कारण एअरबॅगच्या परिपथात काही काळ वीज शिल्लक राहते. एअरबॅगच्या तारा सहसा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना हात लावू नये, तसेच पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या खांबाच्या आतून तिच्या मार्गात येईल अशी तार नेऊ नये.

बाहेरून विकत घेतलेल्या संचांच्या तारांचे रंग बहुतांशी ठरलेले आहेत: पिवळी सततच्या पुरवठ्याची, लाल किल्लीनंतरच्या पुरवठ्याची, काळी अर्थिंगची; पुढच्या डाव्या स्पीकरची पांढरी व उजव्याची राखाडी, मागच्या डाव्याची हिरवी आणि उजव्याची जांभळी. रेघ असलेली तार ऋण समजतात. गाडीच्या स्वतःच्या तारांना हा नियम लागू नसतो, त्यामुळे मल्टिमीटरने खात्री केल्यावाचून जोड करू नये. गाडीच्या मूळ तारा न कापता मधे बसणारा कपलर त्या त्या मॉडेलसाठी मिळतो. तो वापरल्यास यंत्रणा पुढे काढता येते. कापलेल्या तारांमुळे उद्भवलेल्या बिघाडाबाबत मात्र हमी नाकारली जाण्याची शक्यता असते. एखाद्या स्पीकरची दोन टोके उलटी जोडली गेली, तर काहीही जळत नाही, पण दोन बाजूंचे शंकू परस्परविरुद्ध हलून खर्ज नाहीसा होतो. ‘नवे स्पीकर कंपनीच्या स्पीकरपेक्षा पोकळ वाजतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

दार हीच स्पीकरची पेटी असते, हे विसरले जाते. आतल्या पत्र्यातील मोठी छिद्रे उघडी राहिली, तर शंकूच्या मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला मारते. छिद्रे बुजवून पत्र्यावर ब्यूटाइल रबराचे कंपनरोधक तक्ते लावल्यास साधा स्पीकरही सुधारतो आणि रस्त्याचा आवाजही घटतो. येथे पावसाचे भान ठेवणे भाग आहे. काचेच्या पट्टीतून पाणी दारात शिरतेच आणि ते खालच्या छिद्रांतून निघून जावे अशी मूळ रचना असते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात ही छिद्रे तक्त्याखाली झाकली गेली, तर दार आतून कुजते. तसेच दारातील प्लॅस्टिकचा पडदा फाडून तसाच सोडल्यास ओल स्पीकरच्या मागे आणि गालिच्यात उतरते. अँप्लिफायरला हवा लागेल अशी जागा द्यावी. विदर्भातील उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीच्या आतील तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि गालिच्यात गुंडाळलेला अँप्लिफायर स्वसंरक्षणार्थ बंद पडतो.

सूर जुळवणे

अँप्लिफायरवरील ‘गेन’ ही कळ आवाजाची नसून मुख्य संचाचा संकेत आणि अँप्लिफायर यांचा मेळ घालणारी आहे. ती शेवटपर्यंत फिरवल्यास लाटेची टोके छाटली जातात आणि सर्वप्रथम नाजूक ट्विटर जळतात. कमी शक्तीचा अँप्लिफायर ओरबाडून वाजवला, तरी स्पीकर जळतो, तो याच कारणाने. मुख्य संच तीन चतुर्थांश पातळीवर ठेवून, स्पीकर सोडवून, चाचणी-स्वरावर मल्टिमीटरने विद्युतदाब मोजत गेन लावतात. ५० वॅट आणि ४ ओहमसाठी हा दाब त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १४.१ व्होल्ट असावा.

दारातील स्पीकर आणि सबवूफर यांची सीमा साधारण ८० हर्ट्झवर ठेवतात. काळी एक या पट्टीत पुरुष गायकासाठी लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता सुमारे ६९ हर्ट्झ असते. म्हणजे तिचा पाया डिकीतील सबवूफर वाजवतो, तर जवारीतून उमटणारे वरचे स्वरांश समोरचे स्पीकर. सीमा आणि पातळी बरोबर जमली असेल, तर संपूर्ण तानपुरा समोरच आहे असे वाटते. सबवूफरची पातळी चढी असेल, तर तो दुभंगतो आणि त्याचा पाया पाठीमागे गुणगुणू लागतो. जोडणीची ही परीक्षा कोणत्याही मोजयंत्राइतकी विश्वासार्ह आहे. कोणतीही एक परिचित, काळजीपूर्वक ध्वनिमुद्रित केलेली मैफल त्यासाठी पुरते.

श्रवण आणि परिसर

९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १०० वॅटवर एक मीटर अंतरावर ११० डेसिबल आवाज देऊ शकतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला हा काळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. श्रवणनाश हळूहळू आणि वेदनेविना होतो, म्हणून तो उशिरा लक्षात येतो व भरून निघत नाही. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा बंद काचांमुळे आधीच क्षीण झालेला असतो. त्यावर संगीत चढवले, तर चालकाला तो ऐकूच येत नाही.

गाडीचा पत्रा आणि काचा तार स्वर बऱ्याच अंशी अडवतात, खर्ज मात्र अडवत नाहीत. आत बसलेल्यांना पूर्ण गाणे ऐकू येते आणि रस्त्याकडेच्या घरांना केवळ धडधड. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल हे मानक ठरवलेले आहे.

विद्युत मोटारी

विद्युत मोटारीतही ध्वनियंत्रणेला १२ व्होल्टचाच पुरवठा असतो. तो मुख्य बॅटरीतून परिवर्तकाद्वारे भरल्या जाणाऱ्या छोट्या बॅटरीतून मिळतो. इंजिनाचा आवाज नसल्याने मंद स्वर अधिक स्पष्ट ऐकू येतात, त्याचबरोबर टायरांची घरघर आणि आतील प्लॅस्टिकची खडखडही जाणवू लागते. परिवर्तकाची क्षमता निश्चित असल्यामुळे मोठा अँप्लिफायर जोडण्यापूर्वी उत्पादकाची मर्यादा तपासावी लागते. या गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या तारांमध्ये शेकडो व्होल्टचा प्राणघातक दाब असतो. ध्वनियंत्रणा बसवणाऱ्याने त्यांच्या मार्गात छिद्र पाडू नये किंवा त्यांना लागून दुसरी तार बांधू नये.